वसई : नावांचा इतिहास आणि क्षितिजावरच्या खुणा

एखाद्या प्राचीन नगराची ओळख दोन गोष्टींवरून होत असते. एक, त्या नगराचे नाव. आणि दुसरी, दुरून येणाऱ्या वाटसरूला अथवा नावाड्याला प्रथम दिसणाऱ्या त्याच्या खुणा. नाव कानाला ओळख देते, तर मनोरा, बुरूज, डोंगर ही डोळ्यांची ओळख होय. आपल्या वसईला या दोन्ही ओळखी विपुल लाभल्या आहेत. इतक्या की, रोज त्यांच्या सान्निध्यात वावरूनही त्यांचा अर्थ आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसतो. वसई, सोपारा, आगाशी, अर्नाळा, रमेदी, मर्सेस ही नावे कोठून आली आणि वसईच्या क्षितिजावरील खुणा कोणत्या काळाची साक्ष देतात, याची माहिती एकत्रितपणे वाचकांपुढे ठेवावी, या हेतूने आम्ही हा लेख सादर करीत आहोत.

भूमी आणि तिच्या सीमा

वसईच्या पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस उल्हास नदीच्या मुखाशी असलेली वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा नदी आणि पूर्वेस तुंगारेश्वराची डोंगररांग, अशी या भूमीची नैसर्गिक चौकट आहे. पूर्वी सोपाऱ्याची खाडी वैतरणेपासून वसईच्या खाडीपर्यंत पसरलेली असल्याने पश्चिमेकडील किनारपट्टी हे जवळजवळ एक बेटच होते. बंदरांची भरभराट, परकीय व्यापाऱ्यांची ये-जा आणि पुढे आरमारी सत्तांची स्पर्धा या सर्वांचे मूळ या पाण्याच्या वाटांत आहे.

या भूमीची सर्वात जुनी खूण माणसाने उभारलेली नाही. दोन हजार फुटांहून अधिक उंचीचा तुंगारचा डोंगर समुद्रावरून दूरवर दिसतो. आपले कोळी बांधव होकायंत्राच्या आधीपासून अशा डोंगरांच्या व उंच वास्तूंच्या खुणा जुळवून समुद्रात आपले ठिकाण ओळखत आले आहेत. विरारचा जीवदानीचा डोंगर, गिरीजजवळची हिरा डोंगरी आणि खाडीमुखाशी असलेला किल्ला या खुणा त्याच मालिकेतल्या होत.

'वसई' हे नाव

'वसई' या नावाचे मूळ संस्कृतातील 'वस्' म्हणजे राहणे या धातूत असल्याचे सामान्यतः मानले जाते. या धातूपासून 'वसति' हा शब्द झाला. प्राकृतात मधला 'त' लोप पावून त्याचे 'वसइ' असे रूप झाले, आणि आपली 'वसई' ही त्याच वाटेने आलेली दिसते. वसई म्हणजे वस्ती, लोकांनी घर करून राहण्याचे ठिकाण. याच कुळातील 'वसही' हा शब्द जैन परंपरेत मंदिरासाठी रूढ आहे. अबूच्या पहाडावरील 'विमल वसही' हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. कन्नड भाषेतील 'बसदी' हाही याच घराण्यातला. यावरून वसईचा संबंध प्राचीन जैन वस्तीशी जोडणारेही आहेत, तथापि केवळ नावाच्या साम्यावरून असा निष्कर्ष काढणे आम्हांस उचित वाटत नाही.

दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीज लेखकाने सोळाव्या शतकाच्या प्रारंभी या बंदराचा उल्लेख 'बाशय' असा केला. पुढे पोर्तुगीज अमलात त्याचे 'बासाईं' झाले. शेवटचा अनुनासिक उच्चार ही पोर्तुगीजांची खास लकब. आगाशीचेही त्यांनी 'आगासाईं' केले, आणि याच नावाचे गाव गोव्यातही असल्याने जुने दस्तऐवज वाचताना अभ्यासकांना सावध राहावे लागते. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकल्यानंतर शहराला 'बाजीपूर' असे नाव देण्यात आले, परंतु ते लोकांच्या तोंडी रुळले नाही. इंग्रजांनी पोर्तुगीज रूपावरून 'बॅसीन' केले आणि रेल्वेच्या फलकावर दीर्घकाळ 'बॅसीन रोड' झळकत राहिले.

ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्येही इंग्रजांनी 'बॅसीन' म्हटलेले एक शहर असून त्याचे आजचे नाव 'पाथेन' असे आहे. त्याचा आपल्या वसईशी काहीही संबंध नाही.

शासकीय व्यवहारात आता 'वसई' हेच नाव आहे. परंतु जुने नाव सर्वस्वी पुसले गेलेले नाही. १९१८ साली स्थापन झालेली आपली 'बॅसीन कॅथॉलिक' सहकारी बँक आणि मुंबईच्या समुद्रातील 'बॅसीन' वायुक्षेत्र यांनी ते जतन केले आहे. राज्यकर्त्यांनी चार वेळा नाव बदलले, तरी घराघरांत ते 'वसई'च राहिले.

सोपारा : वसईहूनही प्राचीन

वसईचा नावलौकिक होण्यापूर्वी कित्येक शतके या परिसराची राजधानी म्हणावी असे नगर सोपारा हे होते. 'शूर्पारक' हे त्याचे संस्कृत नाव. 'शूर्प' म्हणजे सूप, आणि परशुरामाच्या आख्यायिकेशी हे नाव जोडले जाते. बौद्ध वाङ्मयात 'सुप्पारक जातक' या नावाची कथाच आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखात 'शोर्पारग' असा उल्लेख येतो. ग्रीक लेखकांनी 'सुप्पारा' आणि अरब प्रवाशांनी 'सुबारा' म्हटले ते हेच बंदर.

पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये येथील 'बुरूड राजाचा कोट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन केले, तेव्हा तो बौद्ध स्तूप असल्याचे सिद्ध झाले. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यात मिळाला, तर नवव्या शिलालेखाचा तुकडा १९५६ मध्ये भुईगाव येथे सापडला. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात मौर्य सम्राटाची आज्ञा जेथे दगडावर कोरली गेली, ते स्थान केवढे महत्त्वाचे असेल!

बायबलच्या अभ्यासकांना सोपाऱ्याचे नाव आणखी एका कारणाने परिचित आहे. शलमोन राजाची जहाजे ज्या 'ओफीर' देशाहून सोने आणीत, त्याचे नाव जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात 'सोफीर' असे आले आहे. या ध्वनिसाम्यावरून काही विद्वानांनी ओफीर म्हणजेच सोपारा असा तर्क मांडला. परंतु ओफीरसाठी अरबस्तान व आफ्रिकेचा किनारा यांचीही नावे घेतली जातात आणि हा प्रश्न सुटलेला नाही. म्हणून आपल्या व्याख्यानांतून वा स्मरणिकांतून हा तर्क सिद्ध गोष्ट म्हणून सांगितला जाऊ नये, असे आम्ही सुचवू इच्छितो.

ख्रिस्ती इतिहासाच्या दृष्टीने सोपाऱ्याचे खरे महत्त्व १३२१ या वर्षात आहे. त्या वर्षी एप्रिल महिन्यात ठाणे येथे तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमेत्रियस या चार फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी रक्तसाक्ष दिली. त्यांचे सहप्रवासी, दोमिनिकन धर्मगुरू जॉर्डन यांनी त्यांचे देह सोपाऱ्यात आणून पुरले. पुढे पोर्देनोनेचे ओदोरिक यांनी त्यांचे अवशेष चीनला नेले. पोर्तुगीज गलबते येण्यापूर्वी सुमारे दोनशे वर्षे येथे ख्रिस्ताचे नाव घेतले जात होते, हे सोपाऱ्याचे नाव उच्चारताना आपण स्मरले पाहिजे.

तटबंदीतील नगर

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने २३ डिसेंबर १५३४ रोजी केलेल्या तहान्वये वसई पोर्तुगीजांना दिली. हा तह पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा यांच्याशी झाला. १५३६ पासून किल्ल्याचे बांधकाम सुरू झाले आणि पुढील काळात दगडी तटाच्या आत एक संपूर्ण नगर उभे राहिले. 'उत्तरेचा प्रांत' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पोर्तुगीज मुलखाची ती राजधानी होती. येथील सरदार घराण्यांच्या डौलामुळे तिला 'दोम बासाईं' असे म्हटले जाई.

नगराला दोन मुख्य दरवाजे होते : खाडीकडील 'समुद्रद्वार' आणि जमिनीकडील 'भूद्वार'. बुरुजांना बहुधा संतांची व धन्य मरियेची नावे दिलेली होती. संत सेबॅस्टियन, संत गोन्सालो, 'रेमेदिओस' ही त्यांपैकी काही. ज्या काळी नगराचे रक्षण तोफांवर अवलंबून होते, त्या काळीही बुरुजाला नाव संताचे दिले जाई, ही गोष्ट त्या समाजाच्या मनोवृत्तीवर प्रकाश टाकते.

त्या काळी खाडीतून येणाऱ्या माणसाला तटाच्या वर दिसत ते चर्चचे मनोरे आणि दर्शनी भिंती. आजही त्यांचे अवशेष पाहता येतात :

- संत जोसेफ यांचे मुख्य चर्च. याचा उंच मनोरा आजही किल्ल्याची सर्वात ठळक खूण आहे. १६०१ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या काळात या चर्चचे नूतनीकरण झाल्याचा शिलालेख उपलब्ध आहे.
- फ्रान्सिस्कनांचे संत अंतोनी चर्च. येथील जमिनीत कोरीव लेख असलेली थडग्यांची शिळा मोठ्या संख्येने दिसतात.
- येशूसंघीयांचे 'येशूच्या पवित्र नावाचे' चर्च. संत फ्रान्सिस झेवियर १५४८ मध्ये वसईत आले होते. त्यानंतर येथे येशूसंघीयांचे कार्य आकारास आले.
- दोमिनिकनांचे संत गोन्सालो चर्च. हा मठ १५८३ मध्ये स्थापन झाला.

शेवटच्या नावाबाबत एक गैरसमज दूर केला पाहिजे. दोमिनिकन चर्चचे 'संत गोन्सालो' म्हणजे आपले वसईपुत्र संत गोन्सालो गार्सिया नव्हेत. ते पोर्तुगालमधील आमारांते येथील दोमिनिकन सत्पुरुष होत. १५८३ मध्ये गोन्सालो गार्सिया हयात होते. त्यांनी जपानमधील नागासाकी येथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसावर प्राणार्पण केले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले. गास येथील चर्च आणि वसईतील महाविद्यालय यांना दिलेले नाव मात्र या आपल्याच संताचे आहे.

नगराचे हे वैभव निर्वेध नव्हते. १६१८ च्या मे महिन्यात आलेल्या भीषण वादळाने घरांची व मोठ्या चर्चची छपरे उडवून दिली आणि माडांच्या वाड्या उद्ध्वस्त केल्या. सतराव्या शतकात मस्कतच्या अरबांचे हल्ले झाले, रोगराईनेही अनेकांचा बळी घेतला. आज किल्ल्यातील वास्तू ओसाड दिसतात, त्याचे सर्व खापर एकाच लढाईवर फोडणे इतिहासाला धरून होणार नाही.

१७३९ आणि घंटांचा प्रवास

चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसईला दिलेला वेढा १७३९ च्या फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत चालला. तटाला सुरुंग लावण्यात आले आणि दोन्ही बाजूंनी शौर्याची शर्थ झाली. अखेर १६ मे १७३९ रोजी किल्लेदार काएतानो द सोझा पेरेरा यांनी शरणागतीच्या कलमांवर सही केली. पोर्तुगीज शिबंदीला सन्मानाने बाहेर पडू देण्यात आले. चिमाजी अप्पांनी केलेल्या नवसाची फेड म्हणून वज्रेश्वरीचे मंदिर उभे राहिल्याचे सांगितले जाते. किल्ल्याच्या आवारातील देवालये आणि चिमाजी अप्पांचे स्मारक या त्या पर्वाच्या खुणा आहेत.

या लढाईनंतर वसईच्या क्षितिजावरील मनोरे राहिले, पण त्यांतील नाद मात्र दूर गेला. वाईजवळील मेणवली, भीमाशंकर आणि नाशिकचे नारोशंकराचे मंदिर येथील मोठ्या घंटा वसईच्या मोहिमेतून तेथे गेल्याचे मानले जाते. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूसह मरियेची आकृती आणि १७०७ हे वर्ष आहे. गेली पावणेतीनशेहून अधिक वर्षे त्या गावांनी या घंटा सांभाळल्या आहेत. त्या घंटांचा धातू तोफांसाठी वितळवला गेला नाही, त्या भक्तिस्थानांतच टांगल्या गेल्या, याचे आम्हांस समाधान वाटते.

पुढे १७८० मध्ये जनरल गॉडार्ड यांनी वसई घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती मराठ्यांकडे परत आली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला प्रसिद्ध 'वसईचा तह' मराठी सत्तेच्या अस्तास कारणीभूत ठरला. शाळेच्या पुस्तकात देशभरच्या मुलांना वसईचे नाव भेटते ते बहुधा याच तहामुळे. एकोणिसाव्या शतकात तर तटाच्या आत उसाची लागवड होऊन साखरेचा कारखानाही निघाला. आज हा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे.

गावांच्या नावांत दडलेला इतिहास

किल्ल्याचे दगड ढासळले तरी बाहेरच्या गावांनी आपली नावे टिकवून ठेवली.

'रमेदी' हे नाव 'नोसा सेन्योरा दोस रेमेदिओस' या पोर्तुगीज नामाचे मराठी रूप आहे. 'रेमेदिओस' म्हणजे उपाय, औषधे. आजारी व दुःखी माणसांना उपाय देणारी माता ती रमेदीमाता. मूळ शब्दाचा अर्थ ठाऊक नसतानाही सर्व धर्मांचे भाविक त्याच भावनेने तेथे येत राहिले, हे लक्षणीय आहे. त्याचप्रमाणे 'मर्सेस' हे गावाचे नाव 'मेर्सेस' म्हणजे दयेची माता या धन्य मरियेच्या नामाभिधानावरून आलेले आहे.

अर्नाळ्याच्या बेटाला पोर्तुगीज 'गायींचे बेट' या अर्थाचे नाव देत असत, परंतु ते त्यांच्या दप्तरापुरतेच राहिले. मराठ्यांनी १७३७ मध्ये अर्नाळा घेतला व पहिल्या बाजीरावांच्या काळात तेथे किल्ला नव्याने बांधण्यात आला. समुद्रातून दिसणारी त्याची तटबंदी ही आपल्या उत्तर सीमेची खूण आहे. 'विरार' हे नाव 'एकवीरा' देवीशी जोडले जाते. 'नालासोपारा' हे नाव नाला आणि सोपारा या शेजारच्या दोन गावांच्या जोडीतून तयार झाले. किल्लाबंदर, पाचूबंदर या नावांत कोळी बांधवांचा व्यवसाय स्पष्ट दिसतो. आगाशीचे नाव सुकेळ्यांमुळे दूरवर पोहोचले, तर १५७३ पासून पवित्र आत्म्याचे चर्च असलेले नंदाखाल आणि शंकराचार्यांच्या समाधीमुळे प्रसिद्ध असलेले निर्मळ ही गावे शेजारी नांदत आहेत.

ज्या भाषेने ही नावे दिली तिने आपल्या बोलीतही ठेव ठेवली आहे. पाद्री, नाताळ, पाव, चावी, साबण, घमेले, लिलाव हे शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आले आणि 'गिर्जा' हा शब्दही 'इग्रेजा' या पोर्तुगीज शब्दावरून आलेला आहे. नाताळाला नाताळ म्हणणारा मराठी माणूस, मग तो कोणत्याही धर्माचा असो, नकळत या इतिहासाचा वारसदार असतो.

बदलते क्षितिज

२२ मे १९९८ रोजी वसई धर्मप्रांताची स्थापना झाली आणि पापडी येथील कृपामातेचे चर्च त्याचे कॅथेड्रल बनले. पूर्वी तटबंदीच्या आत असलेले मुख्य चर्चचे स्थान अशा रीतीने गावाच्या मध्यभागी, लोकवस्तीत आले. दरम्यान वस्तीचेही रूप पालटत होते. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेनुसार तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांहून अधिक होती. १ ऑगस्ट २०१४ पासून वसई तालुका पालघर जिल्ह्यात समाविष्ट झाला.

केळीच्या बागा आणि माडांच्या झावळ्यांवरून चर्चचे पांढरे मनोरे दिसावेत, ही वसईची पूर्वापार क्षितिजरेषा. स्टेशनालगतच्या भागात तिची जागा आता बहुमजली इमारतींनी घेतली आहे. या हरित पट्ट्याच्या रक्षणासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२-२०२४) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलेला लढा वाचकांना सुपरिचित आहे. नव्याने येणाऱ्या कुटुंबांनाही घर हवेच. 'वसई' या शब्दाचा अर्थच वस्ती असल्यामुळे त्यांचे येणे परके मानण्याचे कारण नाही. चिंता वेगळीच आहे. बावखल बुजले की बावखलाचे नाव जाते, वाडी विकली की वाडीचे नाव जाते, आणि त्या जागी संकुलाचे असे नाव येते जे पुण्यात असो वा सुरतेत, सारखेच असते. पत्ता सापडतो, पण ठिकाण हरवते.

आपण काय करू शकतो?

नावे जपण्यासाठी मोठा निधी लागत नाही. प्रत्येक धर्मग्रामात पुढील कामे सहज होऊ शकतील, असे आम्हांस वाटते :

१. बाप्तिस्मा, विवाह व मृत्यूच्या जुन्या नोंदवह्यांत आळ्यांची आणि वाड्यांची नावे आढळतात. धर्मगुरूंच्या अनुमतीने त्या नावांची यादी करावी.

२. जुन्या सात-बारा उताऱ्यांवरील शेतांची नावे घराघरांतून उतरवून घ्यावीत.

३. सामवेदी, वाडवळी आणि कोळी बोलींत एकाच जागेची वेगवेगळी नावे आहेत. ती ज्येष्ठांच्या तोंडून, त्यांच्याच उच्चारात नोंदवावीत.

४. धर्मशिक्षणाच्या व शाळेच्या मुलांना वर्षातून एकदा किल्ल्यात न्यावे. तेथील शिळांवर चढणे, नावे कोरणे, कचरा टाकणे हा आपल्याच पूर्वजांच्या थडग्यांचा अवमान आहे, हे त्यांना प्रेमाने सांगावे.

५. नवीन सभागृह, रस्ता वा गृहसंस्था यांना नाव देताना त्या जागेच्या मूळ नावाचा प्रथम विचार करावा.

सोपाऱ्याचे बंदर गाळाने भरले, स्तूपाचे टेकाड झाले, किल्ल्याच्या चर्चवरील छपरे गेली. परंतु शूर्पारकाचे सोपारा आणि रेमेदिओसची रमेदी मात्र आजही लोकांच्या ओठी आहे. या नावांचे आयुष्य दगडांहून अधिक ठरले, याचे कारण पिढ्यानपिढ्या कोणीतरी ती उच्चारत राहिले. तो उच्चार पुढच्या पिढीच्या कानी घालणे आता आपल्या हाती आहे. आपल्या धर्मग्रामातील आळ्या, वाड्या व बावखले यांची नावे ज्या वाचकांकडे असतील, त्यांनी ती आपल्या चर्चच्या कार्यालयात अवश्य नोंदवावीत, ही आमची नम्र विनंती.